शेतातून गेलेली केबल: तेलाच्या शोधात गावाचा वाटा किती?

2018 च्या डिसेंबरात मामांचा फोन आला. "भाच्या, तेलवाले आलेत शिवारात. बांधावरून वायरी टाकायलेत. जमीन घ्यायलेत का काय ही लोकं?" मागून मामेभावाचा आवाज आला, "आधी इचारा, तेल लागलं तर पैसा कोणाचा."

जमीन गेली नाही. तेलाचा पैसाही आला नाही. अद्रकीचे बेड मात्र मोडले, आणि मामेभावाच्या टँकरच्या बिलातून 20 टक्के कर कापला गेला. मी शहरात करसल्लागार म्हणून बसतो. माझी गिऱ्हाइकं म्हणजे आडते, जिनिंगवाले, छोटे ठेकेदार. पेट्रोलियमचा कायदा उघडायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. त्या हिवाळ्यात आली, आणि त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो. गाव अजिंठ्याच्या डोंगराअलीकडचं, अद्रकीच्या पट्ट्यातलं. नाव देत नाही, कारण पंचनाम्यावर सह्या करणारी माणसं अजून तिथेच राहतात.

आधी काय आलं होतं ते. दोन-तीन जीपा, ट्रॅक्टरवर बसवलेली छिद्रं पाडायची यंत्रं, मैलभर लांब केबल आणि तिला जोडलेल्या, जमिनीत रोवायच्या खुंट्या. या खुंट्या कंपनं टिपतात. ठरलेल्या अंतरावर खोल छिद्र पाडून त्यात थोडी स्फोटक दारू भरतात आणि उडवतात. लाट खाली जाते, खडकांच्या थरांवरून परत येते, आणि खुंट्या तिची नोंद घेतात. आमच्याकडच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. बोअर आठशे-हजार फूट गेलं तरी काळा पाषाण संपत नाही, इथे कसलं तेल? हसण्यात तथ्य आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर मराठवाडाभर पसरलेत आणि तेल असलंच तर त्यांच्याखालच्या जुन्या गाळात असणार. किल्लारीच्या 1993 च्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी तिथे 617 मीटर खोल भोक पाडलं. 338 मीटरपर्यंत बेसाल्ट लागला, त्याखाली जेमतेम 8 मीटर गाळाचा थर आणि मग थेट जुना मूळ खडक. म्हणजे दक्षिणेकडे फारशी आशा नाही. उत्तरेकडे, तापी-नर्मदेच्या बाजूला, लाव्ह्याखाली जाड गाळ असावा असा भूशास्त्रज्ञांचा कयास आहे. पण बेसाल्ट लाटा विखरून टाकतो, त्यामुळे खालचं चित्र धूसर येतं. म्हणूनच खासगी कंपन्या इकडे फिरकत नव्हत्या, आणि म्हणूनच सरकारने स्वतःच्या खर्चाने सर्वेक्षण काढलं. 2016 पासून देशभर सुमारे 48 हजार किलोमीटर लांबीच्या रेषांवर हे काम ओएनजीसी आणि ऑइल इंडियाकडे दिलं गेलं. त्यांनी ते पुढे ठेकेदारांकडे सोपवलं. आपल्या बांधावर येतो तो ठेकेदाराचा माणूस. दिल्लीतल्या मंत्रालयाशी बोलल्यासारखं त्याच्याशी बोलून काही उपयोग नसतो, हे मामांना कळायला आठ दिवस लागले.

आता मामेभावाचा प्रश्न. तेल लागलं तर कोणाचं?

मालकाचं नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966, कलम 48: जमिनीवर किंवा जमिनीखाली, कुठेही सापडणाऱ्या खनिजांचा हक्क राज्य सरकारकडे राखून ठेवलेला आहे. सातबारा आपला, पण तो वरच्या मातीपुरता. त्या हक्काचा वापर कसा करायचा हे मात्र राज्य ठरवत नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत तेलक्षेत्रांचं नियमन केंद्राच्या यादीत, 53 व्या नोंदीत आहे. मूळ कायदा 1948 चा. त्याची तारीख पाहून मी थबकलो: 8 सप्टेंबर 1948. त्या दिवशी आमचं गाव निजामाच्या राज्यात होतं. नऊ दिवसांनी, 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्त झाला. माझे आजोबा दिल्लीचे नागरिक व्हायच्या आधीच दिल्लीने त्यांच्या शेताखालच्या तेलाची तजवीज करून ठेवली होती, असं मी मामांना सांगितलं. मामा म्हणाले, "निजाम बी काय सोडत होता व्हय."

1959 च्या नियमांपासून चालत आलेली रीत अशी: समुद्रातला परवाना केंद्र देतं, जमिनीवरचा राज्य देतं, पण केंद्राच्या पूर्वमंजुरीनेच. 2025 च्या दुरुस्तीपर्यंत शोधाचा परवाना वेगळा, उत्पादनाचा भाडेपट्टा वेगळा. देखरेख 1993 साली स्थापन झालेल्या हायड्रोकार्बन महासंचालनालयाची. विना परवाना खोदलं तर? 2025 च्या दुरुस्तीपर्यंत शिक्षा होती सहा महिने कैद किंवा एक हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. एक हजार! आता कैद गेली आणि दंड 25 लाखांपर्यंत आला. त्याच दुरुस्तीने शेल गॅस आणि कोळशाच्या थरातला वायूही या कायद्याच्या व्याख्येत ओढला.

पैशाचं आता सांगतो. हा भाग मला माझ्या धंद्यामुळे जास्त रुचला, त्यामुळे थोडं लांबेल.

तेल सापडलं की सरकार ते तीन-चार वाटांनी घेतं. पहिली वाट रॉयल्टी. मार्च 2016 च्या नव्या धोरणात जमिनीवरच्या कच्च्या तेलावर 12.5 टक्के, वायूवर 10 टक्के. समजा बॅरलचा भाव सहा हजार रुपये धरला, तर साडेसातशे रुपये रॉयल्टी. जमिनीवर असल्याने ती राज्याकडे जाते. इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. मुंबई हायचं नाव घेतलं की महाराष्ट्राची छाती फुगते. 1974 मध्ये सागर सम्राटने तिथे तेल काढलं, शाळेच्या पुस्तकात आपण ते वाचलं. पण ते क्षेत्र किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटरहून अधिक आत आहे, आणि घटनेच्या 297 व्या कलमानुसार समुद्रतळाची संपत्ती केंद्राची. तिथली रॉयल्टी दिल्लीला जाते. जमिनीवरच्या तेलाची रॉयल्टी खाणारी राज्यं म्हणजे आसाम, गुजरात, राजस्थान. म्हणजे मामांच्या शेतात खरंच तेल लागलं असतं तर मुंबईच्या तिजोरीसाठी ते मुंबई हायपेक्षा जास्त कामाचं ठरलं असतं.

दुसरी वाट नफ्यातला किंवा महसुलातला हिस्सा. 1990 च्या दशकाअखेरच्या धोरणात कंपनीने आधी आपला खर्च वसूल करायचा आणि उरलेल्यात सरकारशी वाटणी करायची, असा करार होता. खर्च जास्त दाखवला की सरकारचा वाटा लांबतो. कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या करारांवर कॅगने 2011 मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं. आमच्याकडे बटईने शेत देणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. खताची, फवारणीची पावती बटईदार आणतो आणि मालक प्रत्येक पावती उलटसुलट करून बघतो. मार्च 2016 च्या धोरणाने ही पद्धत बदलली. खर्च तुमचा तुम्ही बघा, एकूण महसुलातून किती टक्के देता तेवढंच बोला. मालकाने पावत्या बघणं सोडलं, ढिगातून माप घेणं सुरू केलं.

पण मराठवाड्यासारख्या भागात त्या ढिगातूनही माप नाही. देशातली गाळाची 26 खोरी तीन वर्गांत विभागली आहेत. जिथे उत्पादन चालू आहे तो पहिला वर्ग. आमचं दख्खन खोरं तिसऱ्या वर्गात, म्हणजे केवळ शक्यता असलेलं. फेब्रुवारी 2019 मध्ये, मामांच्या शेतातल्या केबली गुंडाळून झाल्या होत्या तेव्हाच, केंद्राने ठरवलं की दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गात महसुलाचा वाटा घ्यायचाच नाही. कंपनीचं एका वर्षाचं उत्पन्न अडीच अब्ज डॉलरच्या पुढे गेलं तरच वाटा मागायचा. बोली कशावर? कोण किती विहिरी खोदतो, किती सर्वेक्षण करतो, यावर. शिवाय चार वर्षांत उत्पादन सुरू केलं तर रॉयल्टीतही सवलत. पाहिलं तर हे रास्त आहे. काळ्या पाषाणात भोक पाडून कोरडं निघालं तर बुडालेला पैसा कंपनीचा, सरकारचा नव्हे.

तरीही एक पाचर आहे. करारात न घेतलेलं एक्साइजने घेता येतं. 1 जुलै 2022 रोजी, युक्रेन युद्धाने भाव चढले होते तेव्हा, देशात निघणाऱ्या कच्च्या तेलावर टनाला 23,250 रुपयांचं विशेष अतिरिक्त उत्पादन शुल्क बसलं. नंतर ते खाली-वर होत राहिलं आणि डिसेंबर 2024 मध्ये रद्द झालं. वाटा सोडला म्हणून बोली लावणाऱ्याने कर सुटला असं धरू नये. जुन्या, नामनिर्देशनाने म्हणजे बोलीशिवाय थेट सरकारी कंपन्यांना दिलेल्या क्षेत्रांवर 1974 च्या कायद्याचा उपकर आजही 20 टक्के आहे. नव्या धोरणातल्या ब्लॉकना, म्हणजे शोधासाठी आखून दिलेल्या तुकड्यांना, तो माफ आहे.

आणि जीएसटी. कच्चं तेल, नैसर्गिक वायू, पेट्रोल, डिझेल, विमानाचं इंधन हे पाचही अजून जीएसटीबाहेर. त्यामुळे रिग, म्हणजे विहीर खोदायचं यंत्र, भाड्याने घेताना भरलेला जीएसटी कंपनीला कुठेच वळता करता येत नाही, तो थेट खर्चात जातो. या कामांवरचा दर आधी 5 टक्के होता, जुलै 2022 पासून 12 झाला, सप्टेंबर 2025 पासून 18. एका हाताने वाटा सोडायचा आणि दुसऱ्या हाताने रिगवर 18 टक्के घ्यायचे, याला धोरण म्हणायचं की दोन खात्यांची एकमेकांशी न झालेली भेट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पेट्रोल जीएसटीबाहेर असल्याचा चटका मात्र आमच्या भागाला रोज कळतो. त्यावर राज्याचा व्हॅट वेगळा, आणि परभणीचं पेट्रोल राज्यात महाग म्हणून अधूनमधून बातमीत येतं ते मनमाडच्या पानेवाडी डेपोपासूनच्या टँकरभाड्यामुळे.

या सगळ्या वाटांत गावाची वाट कुठे? मी शोधली. कोळसा, बॉक्साइट अशा खनिजांसाठी 2015 पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. रॉयल्टीवर ठरावीक टक्के जास्त घेऊन ती रक्कम खाणबाधित गावांवर खर्च होते. पण तो खाण-खनिजांचा कायदा 1957 चा, आणि त्याच्या व्याख्येतच "खनिज तेल वगळून" असं आहे. म्हणजे चंद्रपूरच्या खाणीशेजारच्या गावाला जे मिळू शकतं ते तेलविहिरीशेजारच्या गावाला त्या कायद्याने नाही. रॉयल्टी राज्याच्या एकत्रित निधीत जाते आणि तिथून ती कुठे गेली हे विचारण्याची सोय नाही.

बोलायची संधी तरी? ग्रामसभेत एकाने जनसुनावणीची मागणी केली. सर्वेक्षणाला ती लागतच नाही. शोधविहिरीला तेव्हा लागण्याची शक्यता होती, पण जानेवारी 2020 च्या पर्यावरण अधिसूचनेने तेल-वायूच्या शोधाचं काम ब-2 वर्गात टाकलं, आणि त्या वर्गात जनसुनावणी नाही. उत्पादन सुरू करताना मात्र ती पायरी येते. तामिळनाडूने 2020 मध्ये कावेरीच्या त्रिभुज प्रदेशासाठी संरक्षित कृषिक्षेत्राचा कायदा करून नव्या तेल-वायू शोधाला तिथे बंदी घातली. विषय केंद्राचा असला तरी शेतीच्या बाजूने राज्याला दार लावता येतं, एवढं त्यावरून दिसतं. महाराष्ट्रात तशी मागणी कोणी केल्याचं मी ऐकलं नाही, आणि खरं सांगायचं तर आमच्याकडे तेवढं गमावण्यासारखं अजून काही घडलेलंही नाही.

घडलं ते एवढं. 20 डिसेंबरच्या सुमारास ठेकेदाराचा ट्रॅक्टर मामांच्या अद्रकीतून आरपार गेला. बारा फूट रुंद, चारशे फूट लांब पट्टा, म्हणजे साडेचार गुंठ्यांच्या आत-बाहेर. बेड दबले, ठिबकच्या नळ्या जागोजागी फाटल्या. मोबदल्याचा माणूस दुसऱ्या आठवड्यात आला. त्याच्याकडे पिकांच्या दराचा तक्ता होता. त्याने सातबारा मागितला. सातबाऱ्यावर कापूस.

मामांनी अद्रक लावली होती मे महिन्यात, पण तलाठ्याने पीकपेऱ्यात मागच्या सालचा कापूसच पुढे ओढला होता. मोबदला निघाला 4,800 रुपये. अद्रकीच्या हिशेबाने नुकसान चाळीस हजारांच्या घरात होतं. "डोळ्यांनी दिसतंय ना साहेब, ही अद्रक हाय का कापूस?" मामा विचारत होते, आणि तो माणूस शांतपणे म्हणत होता, "काका, मला कागद लागतो." त्याचा राग करण्यात अर्थ नव्हता. त्याच्या वरच्याला, आणि त्या वरच्याच्याही वरच्याला, कागदच लागत होता.

मी गेलो तो दोन कामांसाठी. एक, मंडळ अधिकाऱ्याकडे अर्ज करून प्रत्यक्ष पिकाचा पंचनामा करून घेतला. शेजारचे तीन शेतकरी, पोलीस पाटील, बेण्याची आणि खताची पावती, ठिबक अनुदानाची फाइल. ठिबकच्या फाइलने काम केलं. त्यात पीक अद्रक म्हणून नोंद होती, तारखेसकट. दोन, ठेकेदाराला लेखी पत्र, त्याची प्रत तहसीलदारांना. परवानगीवाल्याने जमिनीवरच्या नुकसानीची भरपाई द्यायची असते, हे तत्त्व या क्षेत्राच्या नियमांत जुनंच आहे, त्यामुळे भांडण हक्काचं नव्हतं, आकड्याचं होतं. दबलेल्या बेडमधली निम्मी अद्रक खणून विकता आली, तेवढी वजा करून 26 हजारांवर तडजोड झाली. एप्रिलमध्ये पैसे खात्यावर आले.

शेजारच्या आबांची विहीर मात्र हरली. दगडी बांधाची जुनी विहीर, धमाक्यानंतर तिचा एका बाजूचा थर ढासळला असं त्यांचं म्हणणं. असेलही. नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोचा, म्हणजे स्फोटकांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेचा, परवाना ठेकेदाराकडे होता, धमाक्यांची वही होती, सगळं नीट लिहिलेलं. आबांकडे आधीचा एक फोटो नव्हता. पावसाळ्यातही तो थर थोडा सुटला होता हे खुद्द त्यांच्या पोराने पंचांसमोर सांगून टाकलं. प्रामाणिकपणाची किंमत एक विहीर.

आणि मामेभाऊ. छिद्रं पाडायला पाणी लागतं, म्हणून त्याने आपला ट्रॅक्टर-टँकर महिनाभर लावला. बिल झालं 64 हजारांचं, हातात पडले 51,200. तो माझ्याकडे तावातावाने आला, "तेलाचा कर माझ्याकडून कापायलेत दादा!" कर तेलाचा नव्हता. ठेकेदाराने टीडीएस कापला होता, आणि पठ्ठ्याने पॅन दिलाच नव्हता. पॅन असता तर एक टक्का, म्हणजे 640 रुपये. पॅन नाही म्हणून 20 टक्के. त्याच्याकडे पॅनकार्ड होतं, ट्रॅक्टरच्या कर्जासाठी काढलेलं, पण "कशाला सगळ्यांना नंबर द्यायचा" म्हणून कपाटात ठेवलेलं. ठेकेदाराच्या लेखापालाला चार वेळा फोन करून त्यांच्याकडून तिमाही विवरण दुरुस्त करून घेतलं, मग आपलं विवरण भरलं, आणि परतावा यायला पुढचा दिवाळसण उजाडला. माझी फी त्याने अद्रकीच्या रूपात दिली.

सर्वेक्षणाची रेषा आता नोएडाच्या राष्ट्रीय डेटा भांडारात आहे. कोणतीही कंपनी ती बघू शकते, आणि नव्या पद्धतीत आपल्याला हवा तो तुकडा आखून सरकारकडे रस दाखवू शकते. मामांच्या शिवारात आजवर रिग आलेला नाही. पण त्यानंतर ग्रामसभेने एक पानाचा कागद करून ठेवला, मी लिहून दिलेला. कोणीही केबल घेऊन आला तर आधी त्याने कामाच्या आदेशाची प्रत ग्रामपंचायतीत द्यावी. ज्या गटांतून रेषा जाते त्यांची यादी चावडीवर लावावी. काम सुरू होण्याआधी त्या गटांतलं उभं पीक आणि शंभर मीटरच्या आतली प्रत्येक विहीर यांचे फोटो दोन्ही बाजूंच्या माणसांसमोर काढावेत. कायद्याने हे बंधनकारक आहे असं कागदात लिहिलेलं नाही. सरपंचांना तसं लिहायचं होतं, मी लिहू दिलं नाही.

2021 पासून पीकपेरा शेतकऱ्यानेच मोबाइलवर नोंदवायचा असतो. मामांचा फोन दरवर्षी खरिपात येतो. "भाच्या, ई-पीक पाहणी घ्यायला नाय. गोल-गोल फिरायलंय नुसतं." मी सांगतो, पहाटे चारला उठून करा, तेव्हा सर्व्हर मोकळा असतो. ते उठतात. अंधारात बॅटरी लावून अद्रकीच्या कडेला उभे राहतात, फोटो काळा येतो, आणि सहा वाजता परत फोन येतो.